वाणातली पोस्टरवाली

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काय लुटायचं हे ठरवायला बसले की मला अमेरिकेतल्या कॅरी गावातली शेजारीण आठवते. त्या वर्षी मी वाण म्हणून फ्रिजवर लावायची मॅग्नेट्स आणली होती. त्यांवर दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन पोस्टरवरची, बाह्या सरसावलेली कामगार बाई होती. "अगं, वाट्या-डब्या द्यायच्या सोडून ही पैलवानीण कुठून आणलीस?" मैत्रिणी हसल्या. ऐंशीची अमेरिकन शेजारीण मात्र मॅग्नेट हातात धरून निरखत म्हणाली, "असली पोस्टरं बघूनच मी विमानाच्या कारखान्यात गेले. युद्ध संपलं, तशी ती पोस्टरं लावणारी माणसंच सांगायला लागली, आता घर सांभाळा. मला काम सोडायचं नव्हतं. तू काय करतेस?" मी इंजिनिअर, पण नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या डिपेंडंट व्हिसावर मला नोकरीची परवानगी नव्हती, म्हणून घरीच. हे मी तिला सांगितलं. तिनं तिळाचा लाडू तोंडात टाकला. "परवानगी आली की ऑफिसला जाशील कशी? इथे धड बस नाही. उद्या सकाळी ये, माझ्या गाडीवर ड्रायव्हिंग शिकवते." परवानगी यायला पुढे काही वर्षं गेली. ती आता नाही. मी मात्र रोज ऑफिसला निघताना, शिकवताना तिनं दटावलं होतं तसा, आधी आरसा नीट करते आणि मगच गाडी सुरू करते.