जादा टाकी लावून लेकीला आणायला

लिहायला फारच उशीर झाला, माफ करा. जीपला जादा टाकी कशी बसवली ते या ग्रुपवर लिहीन म्हणालो होतो, पण मी सातवीपर्यंत शिकलेला, एका बोटाने टाइप करतो. आता तुमच्यातले काही जण तशीच टाकी लावून कच्छच्या रणाकडे निघालेत असं कळलं आणि माझी झोपच उडाली. म्हणून बसलो.

नव्वदीची सुरुवात असेल. आम्ही कुळगावला राहायचो. लेक नंदा छोट्या रणात, जावई मिठागरावर सुपरवायझर. तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, पण मिठागरातून रेल्वे स्टेशनपर्यंत मिठाच्या ट्रकशिवाय वाहन नाही. ट्रकमध्ये तिला बसवायचं मनातही येईना. माझ्याकडे लिलावात घेतलेली जुनी डिझेल जीप होती. मूळ टाकी लहान, गाडी पिणारी. जावयाने कळवलं, शेवटच्या पंपानंतर थेंब मिळणार नाही, जायचं-यायचं डिझेल घेऊनच या.

उल्हासनगरला लछूशेठच्या शेडमध्ये पत्र्याची टाकी बनवून मागच्या सीटखाली बसवली. तिथून इंजिनाकडे नळी आणि मध्ये कॉक: पहिली टाकी संपली की फिरवायचा. मी तीनदा वाकून वास घेतला.

"काका, टेन्शन मत लो. पानी भरके रखा था, एक बूंद नहीं टपका."

"मग झाकणाला हे भोक कसलं? डिझेल हिंदकळून बाहेर येईल!"

"वो हवा का छेद है. बंद किया तो डीजल उतरेगा नहीं."

"मामा," दत्तू म्हणाला, "शेठला सांगा, तुमच्यासाठी पण एक झाकण बनव." हा माझा भाचा. अंबरनाथ पश्चिमेला राहायचा, कारखान्यात रजा टाकून गाडी चालवायला आला होता.

निघायच्या सकाळी हिने बोनेटवर स्वस्तिक काढलं. मग सीट उचलायला लावून नव्या टाकीला हळदकुंकू, अक्षता. "अहो, नवीन वस्तू आहे, तिला कसं वगळायचं?"

भिवंडी, मनोर, वापी करत आम्ही तिघं हायवेने गेलो. रस्ता बरा, ट्रकवाले वाईट. बडोद्यापुढे धर्मशाळेत मुक्काम, जेवायला हिच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. दर चहाला मी सीट उचलून बघायचो. विरमगामच्या पुढे डांबर संपलं, मग झाडं संपली. राहिली ती भेगाळलेली सपाट जमीन आणि चाकांच्या खुणा.

नंदाला घेऊन परत निघालो. स्टेशनवरून संध्याकाळच्या रेल्वेने ही तिला कुळगावला घेऊन येणार होती. भर रणात पहिली टाकी संपली, दत्तूने कॉक फिरवला. थोडं अंतर गेलो असू, इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

चारी बाजूंना ऊन. एक माणूस नाही. नंदाने पोटावर हात ठेवलेला बघून मी जीपभोवती फेऱ्या मारायला लागलो.

"बाबा, मला काही होत नाहीये. तुम्ही आधी बसा बघू."

दत्तू नळी काढून ओरडला, "मामा, टाकी भरलेली आहे, पण खाली येतच नाय!"

गळाली नाही, भरलेली आहे! मी सीट उचलली, झाकण फिरवलं. सुस्सकन हवा आत ओढली गेली. झाकण उजेडात धरलं. वर कुंकवाचा जाड थर वाळून बसलेला, आणि भोकात एक अक्षत, मोजून मापून बसवावी तशी.

मी हिच्याकडे बघितलं. ती नंदाला पदराने वारा घालत होती. ओठ हलत होते, देवाचं चाललं होतं.

"तुझ्या केसातला आकडा दे."

"आता कशाला?"

"दे गं."

आकड्याने भोक मोकळं केलं. दत्तूने बघितलं, तोंड उघडलं. मी ओठांवर बोट ठेवलं. इंजिनाचा छोटा हातपंप मारून त्याने नळीतली हवा काढली, जीप सुरू झाली.

"बघा," ही म्हणाली, "टाकीची पूजा केली होती म्हणून निभावलं."

"तर काय मामी," दत्तू म्हणाला, "सगळा कुंकवाचाच प्रताप."

संध्याकाळची रेल्वे मिळाली. कुळगावला नात झाली, आज तिला स्वतःची मुलगी आहे. जीप विकली. हीसुद्धा गेली. तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. झाकण मात्र मी देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलंय, आट्यांमध्ये अजून लाली आहे.

तर तुम्ही निघताय. टाकीची पूजा जरूर करा, कुंकू पत्र्याला लावा, झाकणाचं भोक सोडून. आणि रणातून बाहेर पडलात की पहिल्या गावातूनच दोन शब्द कळवा. फार वाट बघायला लावू नका, तोवर मी इथे सीट उचलून बघतच असणार.