आखाजीच्या आधी

सकाळी उजाडलं की मी पांझरेच्या काठानं चालायला जाते. शेजारच्या बायका गॅलरीतून विचारतात, "काय मॅडम, वजन उतरलं का?" मी म्हणते, "उतरेल तेव्हा उतरेल, तुम्ही खाली उतरा आधी." कोणी येत नाही. आणि खरं सांगायचं तर मला त्यांची सोबत नकोच असते. जिची हवी असते ती आता नाही.

आमची अक्का, माझी थोरली बहीण, सावद्याला केळीवाल्यांच्या घरात दिलेली. माहेर इकडे धुळ्याजवळच्या खेड्यात. वर्षभर तिचं तोंड दिसायचं नाही, पण आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आम्ही दोघी हटकून माहेरी. खान्देशात सासुरवाशिणीला दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. वैशाखाचं ऊन मी म्हणत असायचं आणि आम्ही परसातल्या निंबाला बांधलेल्या झोक्यावर. दोघी समोरासमोर उभ्या राहायच्या, एक वाकली की दुसरी ताठ, असा झोका चढवायचा. अक्का इतका चढवायची की आई दारातून ओरडायची, "दोर तुटी ना वं!" अक्का आणखी चढवायची. तिचं हसू मला अजून ऐकू येतं. चालताना तर फारच येतं.

तिला स्तनाचा कॅन्सर झाला तेव्हा सगळ्यांचं एकच पालुपद. रोज मळ्यात पायी जाणारी बाई, घरची भाकरी खाणारी, लेकरांना अंगावर पाजलेली, हिला कसा झाला? मलाही तेच खात होतं. जळगावच्या दवाखान्यात भिंतीवर चित्रं होती: चाला, वजन सांभाळा, तंबाखू सोडा, बाळाला अंगावर पाजा. माझा स्वभाव मुळातच तिरसट. डॉक्टरीणबाईंना मी सरळ विचारलं, "हे सगळं तर तिनं केलं. मग ही चित्रं काढून का टाकत नाही?"

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "यानं धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. म्हणून अंग हलवायचंही आणि अंगाकडे लक्षही ठेवायचं. काही वेगळं लागलं तर थांबायचं नाही."

पहिलं आमच्या बायकांना सांगावं लागत नाही, दिवसभर अंग हलतच असतं. दुसऱ्याच्या नावानं मात्र बोंब. केळीचा घड बांधावरून बघून कापणीला आला की नाही ते सांगतील, कापूस चिमटीत धरून ओल ओळखतील. स्वतःच्या अंगाला हात लावायचा तो आंघोळीपुरता, तोही घाईत.

अक्कानं मला गाठीचं सांगितलं तेव्हा ती खाटेवरून उठत नव्हती. "त्या आखाजीले झोकावरच हातले लागनी व्हती," ती म्हणाली. दोर धरायला हात वर केला आणि काखेच्या खाली चिंचोक्याएवढं काहीतरी लागलं. पण दुखत नव्हतं. दुखत नाही ते दुखणं कसलं, ही आमच्याकडची समजूत. शिवाय माहेरी आलेल्या लेकीनं दुखणं काढायचं नसतं, आईचा सण कडू होतो. तिनं मनाशी म्हटलं, "आखाजी व्हई जाऊ दे, मंग दखसूत." मग केळीची कापणी आली, मग पेरणी, मग दिवाळी. बघायचं राहूनच गेलं.

ती गेल्यावर मी चालायला लागले. तरुणपणापासून दातांना लावत आलेली मिसरी सोडली. शेवभाजीवरचा तेलाचा तवंग कमी केला, तर घरचे म्हणाले, ही भाजी आहे की काढा? म्हटलं, काढा समजून प्या. हे सगळं अक्कासोबत करायला हवं होतं, दोघींनी एकमेकींची टिंगल करत. एकटीनं शहाणं होण्यात काही मजा नाही.

आईवडीलही गेले. आता अक्काच्या लेकीचं आखाजीचं माहेर म्हणजे माझं घर. यंदा ती पाचोऱ्याहून आली ती थेट माझ्या घरामागच्या निंबाखाली, तिच्यासाठी बांधलेल्या झोक्याकडे. झोक्यावर चढली, दोर धरला आणि एक हात काढून काखेपाशी दाबला. लगेच पुन्हा दोर धरला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आणि बाहेर आले.

"काय गं?"

"काही नाही मावशी. बारीकशी गाठ आहे. दुखत नाही." आणि पुढे ती म्हणाली, "आखाजी व्हई जाऊ दे, मंग दखसूत."

एरवी ही पोरगी शहरी मराठी बोलते. अहिराणी फक्त आईशी बोलायची. मी झोक्याचा दोर धरला.

"उतर."

"अगं, सण तोंडावर आलाय. पुरण शिजतंय तुझं."

"पुरण खड्ड्यात गेलं. उतर खाली."

गॅस बंद करून मी तिला रिक्षात घातलं. आधी सोनोग्राफी, मग सुईची तपासणी. रिपोर्ट यायच्या आतच आखाजी येऊन गेली. पितरांची घागर भरली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, सांजोऱ्या केल्या, पण मला घास गिळवत नव्हता. ती मात्र जेवली, माझ्यासाठी असेल.

रिपोर्ट चांगला आला. साधी गाठ होती, फक्त पुन्हा दाखवायला या म्हणाले. भाची हसून म्हणाली, "बघ, उगाच माझा सण घालवलास." मी तिच्यावर खूप ओरडले आणि मग रिक्षातच रडले. रिक्षावाल्यानं गाडी हळू केली.

घरी आल्यावर ती पुन्हा झोक्यावर उभी राहिली. "चढ ना समोर," म्हणाली. गुडघे कुरकुरत होते, तरी चढले. झोका वर जायला लागला आणि ती हसली, थेट तिच्या आईसारखी. मी दोर घट्ट धरून तिच्याकडे बघत राहिले.

अक्का, त्या आखाजीला तुझ्या समोर मीच उभी होते. नुसतं सांगितलं असतंस, तर झोका तिथंच थांबवला असता गं.