अज्ञात स्त्रीची गोधडी

पाच आठवड्यांपूर्वी अमरावतीहून वैशालीचा फोन आला, "मावशी, आई गेली." चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण गेली, आणि माझ्या मनात आधी आलं ते तिच्या भिंतीवरचं एक लेबल. मुलांनो, तुमची आजी इतकी कोरडी का झाली, ते तुम्हाला कळायला हवं.

नलू चित्रकार. घराच्या खालच्या मजल्यावर तिनं कलादालन काढलं होतं. नव्या चित्रकारांची प्रदर्शनं ती भरवायची आणि चित्रांखालची लेबलं मी अकोल्याहून मराठी-इंग्रजीत लिहून पाठवायची. नाव, गाव, माध्यम. एकदा कुणाचं आडनाव चुकलं, तर नवं लेबल येईपर्यंत तिनं उद्घाटन थांबवून धरलं होतं... म्हणून तर जुन्या कापडांच्या प्रदर्शनासाठी माझ्या आईची गोधडी मी तिला देऊन टाकली. मधोमध आईनं नागपूरला धम्मदीक्षेला नेसलेलं पांढरं लुगडं, भोवती निळे तुकडे. परत मागणार नाही, असं इंग्रजीत नीट लिहूनही दिलं. ते एकच लेबल तिनं माझ्याकडून मागवलं नाही. उद्घाटनाला गेले, तर गोधडीखाली होतं: 'अज्ञात स्त्री, वऱ्हाड'.

"माह्या मायचं नाव तुले माहीत नव्हतं काय? तिच्या हातची भाकर खाल्ली तू."

"माहीत हाय ना. पण नाव टाकलं का ते कोणाच्या तरी घरचं पांघरूण होते. अज्ञात म्हटलं का लोक थांबून पाह्यतात. काहून रागावून राहिली, मास्तरीणबाई?"

आई साठीत सही करायला शिकली होती. ते मी सांगणार, तोवर नलू पाहुण्यांकडे वळली. पुढं तीन वर्षं तिचा दर रविवारी फोन यायचा. माझे गुडघे, तुमच्या परीक्षा, सगळं विचारायची. हा विषय मात्र तिनं काढला नाही. आपणहून लेबल बदलेल, म्हणून मीही वाट पाहिली.

मागच्या आठवड्यात तिच्याच चित्रांच्या प्रदर्शनाची लेबलं लिहायला गेले. गोधडी दालनात अजून तशीच टांगलेली होती, म्हणून आईच्या नावाचं लेबल घरूनच नेलं होतं. वैशाली खाली बघत म्हणाली, "मावशी, ते राहू द्या. आईनं दवाखान्यात सांगून ठेवलं होतं, मावशी आली का बदलायला पाहील, बदलू देऊ नको."

शेवटच्या दिवसांत नलूला माझी आठवण आली, ती अशी.

तिच्या सगळ्या चित्रांखाली मी तिचं नाव लिहिलं, सुवाच्य. आईचं लेबल पर्समध्ये परत आणलं. ते इथं, या पानाखाली लावते आहे.

गिरजाबाई तायडे. धामणगाव रेल्वे. सुती लुगडी, हातशिलाई.