हिने दाताचा डॉक्टर कसा शोधला

आमची ही बायकांचे कपडे शिवते. पुढच्या खोलीत मशीन, आणि मशीनपेक्षा जोरात हिची जीभ. पण गेल्या वर्षी शिवणशाळेच्या बाई म्हणाल्या, "आमच्या मुलींना शिकवायला या," तर हिची बोलतीच बंद! वर्गापुढे उभं राहायचं म्हणजे दात दिसणार. पुढचे दोन एकमेकांवर चढलेले, चहाने पिवळे पडलेले, आणि त्यांच्या शेजारी लहानपणी पडली तेव्हाची कॅप. यंदा बाईंनी पुन्हा विचारलं, वर बजावलं, "महिनाअखेर सांगा, नाहीतर दुसरी बघते." हिला शिकवायचं होतं हो, अगदी मनापासून. "आधी दात पांढरे करून घेते, मग हो म्हणते," असं हिने ठरवून टाकलं.

मी म्हटलं, कोपऱ्यावर एका डॉक्टरची पाटी आहे की. झालं, अंगावरच आली. "पाटी बघून कुणी कापड टाकतं का? काम बघावं लागतं!"

आणि हिने खरंच काम बघायला सुरुवात केली. माप द्यायला आलेल्या प्रत्येक बाईला, "आ करा बघू!" गळ्यात टेप, हातात बॅटरी. दाढ कुणी भरली, किती वर्षं टिकली, दुखलं का, सगळी चौकशी. "हे काय फिनिशिंग म्हणायचं?" म्हणून एका डॉक्टरला तर तिने जागच्या जागी बाद केलं. मी आतल्या खोलीत कपाळाला हात लावून बसायचो. अठ्ठावीस तोंडं तपासून झाल्यावर मागच्याच गल्लीतल्या एक डॉक्टरीणबाई पास झाल्या.

त्या तरुण, पण बोलायला सरळ. तपासून म्हणाल्या, "पांढरं करायचं औषध खऱ्या दातालाच लागतं, कॅपला नाही. आज केलं तर कॅप तेवढी पिवळी राहील. शिवाय हिरड्या सुजल्यात. आधी दात साफ करू, हिरड्या बऱ्या होऊ देत. मग तारा लावून दात सरळ, त्याला दीडएक वर्ष. पांढरे त्यानंतर, आणि त्या रंगाला जुळणारी नवी कॅप शेवटी."

"म्हणजे आधी अल्टर, मग इस्त्री," ही म्हणाली.

"अगदी बरोबर! आणि या दाताला खाच कशाची?"

"धागा तोडून तोडून. तीस वर्षं झाली," हिने अभिमानाने सांगितलं.

"आता बंद. नाहीतर तारा निघतील."

घरी आली आणि मशीनवर डोकं टेकून रडायलाच लागली. "दीड वर्ष! तोंडात तारा घेऊन मुलींपुढे उभी राहू? या वयात? हसतील मला."

मी चिडलोच. "अगं, अठ्ठावीस बायकांना तू इथे आ करायला लावलंस. एक तरी नाही म्हणाली? तू हसलीस कुणाला?"

"हसेन कशाला? बिचाऱ्या विश्वासाने..." ती मध्येच थांबली. डोळे पुसले, फोन उचलला आणि शाळेच्या बाईंना म्हणाली, "येते मी एक तारखेपासून."

दात साफ झाले, हिरड्या बऱ्या झाल्या आणि तारा बसल्या. तिसऱ्याच दिवशी आमच्या बाईसाहेबांनी सवयीने धागा दाताखाली धरला, तार निसटली, डॉक्टरीणबाईंची बोलणी खाल्ली. तेव्हापासून कात्री कायम हाताशी.

एक तारखेला, वर्गाच्या पहिल्या दिवशी, कापडाची जड पिशवी पोचवायला मी शाळेच्या जिन्यापर्यंत गेलो. आत सोळा मुली. हिचा आवाज आला, "हे बघा माझ्या तोंडात काय आहे. नीट बघून घ्या, विचारायचं ते आत्ताच विचारा. नंतर लक्ष शिवणाकडे हवं."

"मॅडम, दुखतं का?"

"दुखतं की! काल जेवताना आमच्या यांच्यावर खेकसले. त्या माणसाने नुसतं मीठ मागितलं होतं!"

मुली खो खो हसल्या. त्या हसण्यात एक आवाज सगळ्यांच्या वरचढ, म्हणून मी दारातून वाकून पाहिलं, तर ही! सत्तावीस वर्षं संसार केला, पण माझी बायको एवढ्या मोठ्याने हसते हे मला माहीतच नव्हतं. मला एकदम भरून आलं. मी तिथेच पायरीवर बसलो. ऑफिसला उशीर झाला तर झाला.