हजची निळी नोट

माझ्या फुफूकडे, म्हणजे आत्याकडे, दहा रुपयांची एक निळी नोट होती. ती कुठल्याही दुकानात चालली नसती. पूर्वी हजला जाणाऱ्यांसाठी सरकारने वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या होत्या. त्या तिकडे नेऊन बदलून घ्यायच्या, इथल्या बाजारात त्यांना किंमत नव्हती. फुफूचे सासरे बोटीने हज करून आले तेव्हा त्यांच्या खिशात त्यातली एक उरली होती. त्याच साली फुफू सून म्हणून त्या घरात गेली. सासऱ्यांनी नव्या सुनेचं तोंड पाहून तिच्या हातावर ती नोट ठेवली आणि म्हणाले, "ही खर्चायची न्हाई, पोरी. ही घेऊन एक दिवस तूबी जा."

भाटघरला, धरणाच्या अलीकडे तिचं सासर होतं. तिथे नवऱ्याने काबागृहाचं एक चित्र आणून फ्रेम केलं आणि चित्राच्या कोपऱ्यात, काचेच्या आत, ती नोट बसवली. फुफा, म्हणजे तिचा नवरा, वारले, मूलबाळ नव्हतं, तेव्हा अब्बा तिला भोरला आमच्या घरी घेऊन आले. येताना तिने एक पेटी, बांगड्यांचं ओझं आणि ती फ्रेम एवढंच आणलं. दर शुक्रवारी ती ओल्या फडक्याने काच पुसायची, मग कोरड्या फडक्याने, मग पदराने.

आम्ही मणेर, बांगड्या विकणारे. फुफू आणि फुफा दोघं बांगड्या भरायला गावोगाव जायची. फुफा गेल्यावर ती एकटी जायला लागली. भोरहून एसटीने नसरापूर, तिथून विंझर, वेल्हे, आणि आठवड्यातून एकदा थेट पासली. पासलीच्या बायका तिला चाची म्हणायच्या. भात निघाल्यावर काही घरांतून पैशांऐवजी तांदूळ मिळायचे, ते ती पाठीवर घेऊन यायची. पण दोन हजार सालानंतर बायका नसरापूरला जाऊन दुकानातल्या बांगड्या घ्यायला लागल्या, आणि फुफूचं ओझं जसं जायचं तसंच परत यायला लागलं.

मी तेव्हा भोरमध्ये एका संगणकाच्या क्लासमध्ये शिकवत होते. गावात नुकतंच जलद इंटरनेट आलं होतं, आणि जलद म्हणजे एक चित्र उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. लोक क्लासमध्ये येऊन विचारायचे, ७८६ नंबरची नोट इंटरनेटवर लाखाला जाते म्हणतात, खरं का? त्यांना उत्तर द्यावं म्हणून मी एका दुपारी जुन्या नोटांची माहिती शोधायला बसले. पडद्यावर वरून खाली एक चित्र हळूहळू उतरायला लागलं. निळा रंग, नंबराआधी एच आणि ए ही दोन इंग्रजी अक्षरं. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. आमच्या घरच्या भिंतीवरचीच नोट होती ती. खाली लिलावात आलेली बोली लिहिली होती. एका माणसाच्या हजचा बराचसा खर्च त्यात निघाला असता.

घरी जाऊन सांगितलं तेव्हा फुफू तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं.

"परत सांग," ती म्हणाली.

मी परत सांगितलं.

"माझ्याच नोटंचं? दुसऱ्या कुठल्या नोटंचं नसंल ना?"

"तुझ्यासारख्याच नोटेचं, फुफू."

बाईमाणसाला तेव्हा एकटीला हजला जाता येत नसे. बरोबर मेहरम लागायचा, म्हणजे ज्याच्याशी लग्न होऊ शकत नाही असा जवळचा पुरुष. भाऊ चालत होता. अब्बांचं गाद्यांचं छोटं दुकान होतं, दोघांचं जाणं त्यांच्या आवाक्याबाहेर होतं. त्या संध्याकाळी ते म्हणाले, "तुझं नोटंतून निघालं, तर माझं मी बघतो. दुकानातला कापूस इकीन." पुढच्या खेपेला फुफूने विंझरपासून पासलीपर्यंत सगळीकडे सांगितलं की चाची हजला चालली आहे.

क्लासच्या मालकांनी कॅमेरा दिला. मी फ्रेमचा फोटो काढला आणि लिलावाच्या साइटवर टाकला. काचेवर खिडकीचा उजेड पडला होता, तरी दोन दिवसांत चौकशा आल्या. त्यातला एक संग्राहक हैदराबादचा होता, फार सभ्य. त्याने लिहिलं की नोट खरी दिसते, मला हवी आहे. पण नोटेची किंमत तिच्या अवस्थेवर असते. घडी आहे का, टाचणीचं भोक आहे का, कडा शाबूत आहेत का, हे पाहिल्याशिवाय आकडा सांगता येणार नाही. तेव्हा कृपया नोट फ्रेमबाहेर काढून दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा.

अब्बांनी फ्रेमचे मागचे खिळे काढले. पुठ्ठा निघाला, चित्रही निघालं. नोट निघाली नाही. ती काचेला चिकटली होती. इतक्या वर्षांचे पाऊस, धरणाकाठची ओल, आणि कडेने आत झिरपलेलं पाणी. अब्बांनी नखाने एक कोपरा उचलून पाहिला, तर कागदाचा पापुद्रा उठायला लागला. त्यांनी लगेच हात मागे घेतला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "जाणत्याला दाखवू."

आम्ही तिघं पुण्याला गेलो. फुफूने काच दोन उशांच्या मध्ये बांधून पूर्ण वाट मांडीवर धरली होती. एसटी कापूरहोळच्या पुढे खड्ड्यात आदळली की ती दोन्ही हात वर उचलायची, उशांसकट. पेठेत जुनी नाणी-नोटा घेणारे एक व्यापारी होते. वयस्कर, बोलायला मऊ. त्यांनी काच उजेडाकडे धरली, भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "सुंदर आहे हो. घडीसुद्धा नाही. अशी क्वचित पाहायला मिळते."

फुफूने माझ्याकडे पाहिलं.

"पण आत्ता ही नोट नाही," ते म्हणाले. "आत्ता ही काच आहे. सुटी झाली तर मी आज पैसे देतो. सुटी करायला मात्र मला सांगू नका. मी तिला हात लावणार नाही."

"मग कोण लावंल?" अब्बांनी विचारलं.

मुंबईत जुने कागद दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. व्यापाऱ्यांनी आमच्या समोर त्यांना फोन लावला. त्यांनी सांगितलं की काही महिने लागतील, खर्च आधी द्यावा लागेल, आणि शाई काचेवर राहणार नाही याची हमी देता येणार नाही. खर्चाचा आकडा ऐकून अब्बांनी टोपी काढून परत डोक्यावर ठेवली. व्यापारी आम्हाला दारापर्यंत सोडायला आले. फुफूला म्हणाले, "बाई, आहे तशी ठेवा. आहे तशीसुद्धा ती छानच आहे."

"छान हाय, पर त्याचं काय करू?" फुफू म्हणाली. तिला खरंच विचारायचं होतं.

भोरला आल्यावर मी एकेक पर्याय शोधला. काचेसकट विकावी, तर हैदराबादच्या संग्राहकाने नाही कळवलं. मागची बाजू दिसत होतीच, त्याला काचेला चिकटलेली पुढची बाजूही सुटी हवी होती. दुसऱ्या एकाने काचेसकट मागितली, पण इतक्या कमी पैशांत की त्यात अर्जाबरोबर भरायची रक्कमही निघाली नसती. कर्ज काढून हजला जायचं नसतं, त्यामुळे तोही रस्ता नव्हता. सगळ्यांना नोट हवी होती, नोट आमच्याकडे होती, आणि मधली काच कोणालाच ओलांडता येत नव्हती.

मग हैदराबादच्या संग्राहकाचं आणखी एक पत्र आलं. त्याला दुसरीकडे तशीच एक नोट मिळत होती. तुमची आधी पाहिली म्हणून तुम्हाला विचारतो, काचेपासून सुटी झाली तर महिनाअखेरपर्यंत कळवा, असं त्याने लिहिलं होतं. मी ते फुफूला मराठीत वाचून दाखवलं. दाखवणं भागच होतं, नोट तिची होती.

तिने दोन-तीन दिवस काही केलं नाही. मग एका दुपारी मी क्लासवरून आले तर स्वयंपाकघरात वाफ भरली होती. स्टोव्हवर पातेलं होतं. फुफू जमिनीवर बसली होती आणि काच तिच्या समोर फडक्यावर ठेवलेली होती. पाकिटावरचं तिकीट वाफेवर सुटतं, ते तिने पाहिलं होतं. तिने काच वाफेवर धरली, नोट सैल झाली, आणि तिने ती हळूहळू ओढली. निम्मी आली. उरलेल्या अर्ध्या भागाचा कागद दोन पदरांत फाटला, आणि त्याचा वरचा पदर, नंबरासकट, काचेवर राहिला. तिच्या हातात निळसर ओला लगदा होता. तो हातातून सुटू नये म्हणून तिने मूठ अर्धवट मिटलेली होती.

मी तिच्याजवळ बसले. स्टोव्ह विझवायचं माझ्या लक्षात आलं नाही.

"आता हिचं किती येतील?" तिने विचारलं.

मी काचेवर राहिलेल्या नंबराकडे बघत होते.

"ईचार की त्येला. हैदराबादवाल्याला. अर्धी तर निघालीय."

मी विचारलं. तिचं मन राखायला विचारलं नाही, मलाही कुठेतरी वाटत होतं की काहीतरी येईल. त्याचं उत्तर त्याच दिवशी आलं. त्याला फार वाईट वाटलं होतं, ते शब्दांत कळत होतं. त्याने लिहिलं होतं की अशा नोटेला बाजारात किंमत राहत नाही, तुमच्या आत्याबाईंना माझा सलाम सांगा. मी फुफूला सलाम सांगितला. बाकीचं ती समजली.

संध्याकाळी अब्बा आले. त्यांनी काच पाहिली, तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं ते रागावतील. ते फक्त म्हणाले, "हात भाजला का?"

"न्हाई, भाई."

"दाखव."

तिने दाखवला. अंगठ्याखाली मोठा फोड आला होता. अब्बांनी त्यावर खोबरेल लावलं, फुंकर घातली. लहानपणी तिला असंच लावत असतील, तेव्हाची घाई आणि काळजी त्यांच्या हातात होती. त्या वर्षीच्या अर्जाची मुदत निघून गेली. पुढच्या वर्षी आमच्या घरात तो विषय कोणी काढला नाही. साइटवरची जाहिरात मी काढून टाकली, तरी बरेच महिने कोणी ना कोणी विचारायचं की नोट अजून आहे का. मी एकेकाला नाही म्हणून लिहायची.

फुफू हजला गेली नाही. काही वर्षांनी ती भोरलाच, आमच्या घरी वारली.

पण नोट फाटली त्या साली तिला आधी वेगळंच निभावावं लागलं. तिने दारोदार सांगून ठेवलं होतं ना. आता प्रत्येक दारात बायका विचारायच्या, चाची, कधी निघायचं? भाजलेल्या हाताने तिला बांगड्या भरता येत नव्हत्या, म्हणून एका सुट्टीच्या दिवशी मी तिच्याबरोबर पासलीला गेले. खाचरांत भात उभा होता, आणि एसटीतून उतरल्यापासून ती माझ्या पुढे चालत होती. पहिल्याच अंगणात एका बाईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि तोच प्रश्न विचारला.

"नोट खराब झाली," फुफू म्हणाली. "आता न्हाई जमायचं."

"आगं बया. समदीच?"

"समदीच."

बाई आत गेली आणि पदराखाली काहीतरी झाकून घेऊन आली. प्लास्टिकच्या पिशवीत एक रुपयाची जुनी नोट होती, चार घड्या घातलेली, घडीवर विरलेली. सासऱ्यांची ठेव, ती म्हणाली. "तुमची भाची शिकलेली हाय. हिचं काय येत असंल, बघ म्हणावं."

ती नोट अगदी साधी होती. तशा हजारो नोटा लोकांच्या घरात पडून होत्या. बाई माझ्या तोंडाकडे बघत होती, फुफूही बघत होती. खोटं सांगितलं असतं तर ती बाई नोट घेऊन पुण्यापर्यंत गेली असती.

"हिचं फार काही येणार नाही, मावशी," मी म्हणाले. "रुपयाच धरा."

"व्हय का," बाई म्हणाली. ती रागावली नाही, हसलीही नाही. तिने नोट परत पिशवीत घातली, पिशवीची गाठ मारली आणि आत जाऊन ठेवून आली. मग फुफूसमोर बसून तिने डावा हात पुढे केला. फुफूने मला हिरव्या बांगड्यांची माळ सोडायला सांगितली, आणि बाईची मूठ कशी दाबायची, अंगठा कुठं आत घ्यायचा, ते शेजारी बसून सांगायला लागली. मला ते नीट जमलं नाही. दोन बांगड्या फुटल्या. बाईने सगळ्यांचे पैसे दिले, फुटलेल्यांचेही, आणि फुफूने कितीदा नको म्हटलं तरी ते परत घेतले नाहीत.