पांढऱ्या शर्टाला लागलेली हळद

ये गं रेवा, अशी पुढं सरक. दारात उभी राहून निम्मंच ऐकतेस आणि मग सगळ्यांना सांगत सुटतेस, "आमची मावशी सिनेमात इस्त्री करायची." इस्त्री! अगं, अख्खा कपडेपट माझ्या हातात होता. आज नीट बसून ऐक, मध्ये उठायचं नाही.

मे महिन्यातली सकाळ होती. कडावजवळच्या एका गावातली शाळा. सहा फूट दोन इंच उंचीचा आमचा हिरो माझ्यासमोर उभा होता. डोक्यापासून कमरेपर्यंत पिवळाधमक. हातात कोंबडीचं पिल्लू.

"मावशी," तो म्हणाला, "पिल्लू सापडलं."

पिल्लाचं जाऊ दे, मी शर्टाकडं बघत होते. घटकाभरापूर्वीपर्यंत तो शर्ट पांढरा होता.

आता आधीचं सांगते. मी तेव्हा कर्जतच्या बाजारात शिवणकाम करायचे. शिकवलं कुणी नाही. जुने कपडे उसवायचे, कसे जोडलेत ते बघायचं, पुन्हा शिवायचे, अशी शिकले. एके दिवशी शरद नावाचा पोरगा दुकानात आला. नुकतंच कॉलेज संपलेलं, दाढी वाढवलेली, आवाज मोठा. म्हणाला, "मी डायरेक्टर आहे. कॉलेजवर कॉमेडी पिक्चर काढतोय. मला असा खिसा पाहिजे की त्यात कोंबडीचं पिल्लू बसलं पाहिजे."

मी विचारलं, "जिवंत?"

"जिवंत."

तर तो खिसा मी शिवला. आतून तीन पदरी, वरून झाकण, श्वासाला बारीक काजं. सिनेमात हिरो खिशात पिल्लू घेऊन वर्गात येतो. प्रिन्सिपल भाषण करतात आणि खिसा चिवचिवतो, एवढीच गोष्ट. हसू नकोस, लोक पोट धरून हसायचे. खिसा बघून शरदनं मला तिथल्या तिथं कपडेपटावर घेतलं. वर आणखी एक काम दिलं, कंटिन्युइटी.

कंटिन्युइटी म्हणजे काय, ते समजून घे. सिनेमा सलग काढत नाहीत. हिरो लॅबच्या दारातून आत जातो, हे आज काढतात. तोच बाहेर येतो, हे उद्या. पडद्यावर मात्र मध्ये दोनच मिनिटं गेलेली असतात. म्हणून आत जाताना वरचं बटण उघडं असेल, तर बाहेर येतानाही उघडंच पाहिजे. मी वहीत सगळं लिहून ठेवायचे. "डावी बाही दोन घड्या. भांग उजवीकडे. खिसा फुगलेला."

आमचं कॉलेज म्हणजे सुट्टीत रिकामी असलेली शाळा. दारावर 'महाविद्यालय' अशी पाटी टांगली की झालं. हेडगुरुजी भला माणूस, नाही म्हणायला जीभच वळायची नाही. त्यांनी शाळा आम्हाला दिली. आणि मागच्या घरात लग्न होतं, तर पाहुण्यांना उतरायला, अंगणात मांडव घालायला तीच शाळा त्यांनाही कबूल केली. डाव्या बाजूला आमचं कॉलेज, उजव्या बाजूला वऱ्हाड.

नेमका आमचा शेवटचा दिवस आणि त्यांच्याकडं नवरदेवाची हळद. आमचा एकच शॉट उरला होता. हिरो लॅबमधून बाहेर येतो, प्रिन्सिपलना मिठी मारतो आणि खिशातून पिल्लू डोकं वर काढतं. सिनेमाचा शेवट तो. आत जातानाचा भाग आदल्या दिवशी झाला होता. फिल्मचा एकच डबा शिल्लक होता. कॅमेरा मागून आणलेला, तो दुपारच्या गाडीनं परत जायचा होता. तो गेला की पुन्हा मिळणार नाही, हे शरद सकाळपासून दर पाच मिनिटांनी आठवण करून देत होता. शॉट झाला नाही तर पिक्चरला शेवट नाही. आणि शेवट नसलेला पिक्चर कोण दाखवणार?

अशा वेळी पिल्लू खिशातून उडी मारून पळालं. ते थेट मांडवात. त्याच्यामागं आमचा मिलिंद, म्हणजे हिरो. शर्ट घालून.

आपल्याकडच्या हळदीत मांडवात शिरलेला माणूस कोरा बाहेर येत नाही, तुला माहीत आहे. बिचारा मुंबईचा मिलिंद. पिल्लासाठी बाकड्याखाली वाकला आणि वर आला तर चारी बाजूंनी बायका.

"कोन हाय गं ह्यो?"

"कोन का असंना! मांडवात आलाय तर लाव. लई उंच हाय, वाकव त्याला!"

"अहो, मी हिरो आहे! शूटिंग आहे!"

"हिरो हायस? मंग दोन मुठी जास्त लावा गं!"

नवरदेव पाटावर बसून खो खो हसत होता. त्याच्यापेक्षा मिलिंदलाच जास्त हळद लागली. एक म्हातारी म्हणाली, "बाबा, आता तू पन लगीन करूनच जा." हे सगळं मिलिंदनं मला नंतर सांगितलं.

पिल्लाला काही झालं नव्हतं. ते आधीच पिवळं होतं. त्याची कंटिन्युइटी शाबूत.

शर्टाची मात्र पार गेली होती. दुसरा शर्ट नव्हता. मिलिंदच्या मापाचा शर्ट अख्ख्या तालुक्यात मिळाला नसता आणि तसला खिसा तर जगात नव्हता. मी शर्ट त्याच्या अंगातून काढला आणि विहिरीवर धावले. कपडे धुवायचा साबण घेतला, वर मूठभर धुण्याचा सोडा. आणि घासला, जीव खाऊन घासला.

रेवा, तू हसायला लागलीस म्हणजे तुला कळलं. रोज हळदीचे हात धुणारी बाई मी! हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे पोरींना शाळेत जायच्या आधी ठाऊक असतं. पण घाईत डोकं विहिरीच्या काठावर राहिलं. पाण्यातून शर्ट वर काढला, तर पाठ, छाती, बाह्या लालभडक. जणू कुणी हिरोचा खून केला होता.

तो मी दोन्ही हातांत धरून शरदसमोर नेला. तो पाटीखाली, 'महाविद्यालया'च्या पायरीवर, मटकन बसला.

आमचे कॅमेरामन देसाईकाका. कायम पान चघळत असायचे. त्यांनी शर्ट बघितला आणि विचारलं, "आधी कसा होता?"

"पिवळा," मी म्हणाले. रडायच्या बेतात होते.

"मग धुतलात कशाला?"

"पिवळा होता म्हणून!"

काका हसायला लागले. पान बाजूला थुंकून आले आणि पुन्हा हसले. "अहो बाई, आपला पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट आहे! पिवळा रंग या फिल्मवर पांढराच दिसतो. मी नुसता उजेडाच्या हिशोबात एवढासा फरक केला असता. लाल मात्र काळपट येईल. पिवळाच आणायचात ना!"

म्हणजे बघ. सगळं ठीक होतं, ते मी घासून घासून बिघडवलं होतं.

शरद पायरीवरून उठला. "मावशी, तो परत पिवळा करा."

"करा काय? मी काय जादूगार आहे?"

तेवढ्यात मांडवातून चंद्रामावशी आल्या. नवरदेवाची आत्या, लग्नाचं स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात. आपल्या बायकांनी कुणाच्या तरी पाहुण्याला रंगवलं म्हणून माफी मागायला आल्या होत्या. शर्ट बघून थबकल्या.

"साबन लावलास व्हय गं?"

मी मान खाली घातली.

"आगं, लिंबू पिळ की वर. इतकी शिकलेली पोरं तुमी, अन् कुनालाच म्हाईत नाय?"

आमच्यात दोघं सायन्सचे पदवीधर होते. त्यातला एक तर सिनेमात केमिस्ट्रीचा प्रोफेसर झाला होता. त्यानं अंगातल्या पांढऱ्या कोटाकडं बघितलं आणि गुपचूप बाजूला झाला.

चंद्रामावशींनी टोपलीभर लिंबं दिली. आधी साध्या पाण्यात शर्ट खळखळून घेतला, सोडा निघून जावा म्हणून. मग पिळली लिंबं. लाल रंग डोळ्यांदेखत मागं हटला आणि खालून पिवळा वर आला! मी ओरडले. मागं उभ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. पण डाग होते ते होतेच. छातीवर गडद, पाठीवर फिकट, एक बाही जवळजवळ कोरी.

"ठिगळासारखं दिसेल," काका म्हणाले.

आता मात्र डोकं चाललं. मी चंद्रामावशींना म्हणाले, "तुमची हळद उरलीय का?"

"नवरीकडं न्यायची ती काढून ठेवलीय. बाकी घे, पायजे तेवढी."

घमेल्यात हळदीचं पाणी केलं, लिंबू टाकलं आणि अख्खा शर्ट त्यात बुडवला. खिशाचे तिन्ही पदर उलटे करून. एकसारखा पिवळा झाला. मेच्या उन्हात वाळायला कितीसा वेळ? कोळशाची इस्त्री तापतच होती. हो, इस्त्री केली मी. तेवढी कबूल.

इस्त्री फिरवता फिरवता विहिरीकडं नजर गेली. मिलिंद तोंड धुवायला बसला होता आणि त्याच्या हातात साबणाची वडी होती.

"मिलिंद! टाक ती वडी!"

असा आवाज मी जन्मात काढला नव्हता. वडी विहिरीतच पडली. पोरगा लाल तोंडाचं माकड व्हायचा वाचला. खोबरेल लावून मी त्याचं तोंड पुसून काढलं. उरली ती हळद राहू दिली. काका म्हणाले, "चांगलंय, गोरा दिसेल."

वही उघडली. डावी बाही दोन घड्या. भांग उजवीकडे. खिसा फुगलेला. आत पिल्लू.

मांडवातली सगळी बायकामाणसं कॅमेऱ्यामागं उभी. शरद ओरडला, "ॲक्शन!" पिवळाजर्द मिलिंद दार ढकलून बाहेर आला आणि त्यानं प्रिन्सिपलना घट्ट मिठी मारली. शर्ट अजून जरा ओलसर होता. मिठी सुटली तेव्हा प्रिन्सिपलच्या पांढऱ्या कोटावर पुढून पिवळा ठसा. मी पदर तोंडात कोंबला. काकांनी कॅमेऱ्यामागून हात हलवला, चालू द्या, चालू द्या! आणि खिशातून पिल्लानं डोकं वर काढलं, प्रिन्सिपलकडं बघितलं आणि चोच उघडली.

एका टेकमध्ये झालं. कॅमेऱ्याची गाडी चुकता चुकता मिळाली. आम्ही सगळे हळदीला जेवलो, आणि शरदलाही बायकांनी सोडलं नाही.

पावसाळ्यानंतर त्याच शाळेच्या अंगणात चादर बांधून पिक्चर दाखवला. चंद्रामावशी पहिल्या रांगेत. शेवट आला. मिलिंद दारातून बाहेर आला, आणि शर्ट असा पांढराशुभ्र की चादर फिकी वाटावी. माझ्या शेजारी गावातली एक बाई बसली होती. लग्नाच्या वेळी माहेरी गेलेली, तिला काही ठाऊक नव्हतं. ती माझ्या कानाशी लागली, "बाई, कपडे तुमी बघता ना? साबन कंचा वापरता ओ?"

तेव्हापासून कुठल्याही पिक्चरला, नाटकाला गेले तरी कपड्यावर डाग पडला की आधी कॅमेरावाल्याला नाहीतर लाइटवाल्याला विचारते, "हे दिसणार आहे का?" मगच बादली भरते. निम्मे डाग धुवावे लागत नाहीत.

तो शर्ट माझ्या ट्रंकेत आहे. अजून पिवळा. खिसा उलटा केलास तर आत एखादं पीसही सापडेल. ये एकदा सवडीनं, दाखवते. राहायलाच ये, आणि येताना लिंबं आण. माझ्या झाडाला यंदा एक नाही.