तुकडा देण्याआधी

डाग काढण्यात कडकशेठचा हात धरील असा माणूस अख्ख्या बाजारपेठेत नव्हता. शाई असो, गंज असो, नाहीतर नव्याकोऱ्या कोटावर सांडलेलं तेल असो. गिऱ्हाईक घाईला आलं की तो बाही दोन बोटांत धरून सांगायचा, "डाग निघेल, पण उद्याच पाहिजे म्हणू नका. जोर केला तर डागाच्या आधी कापड जाईल." त्याच्या इस्त्रीची घडी माणूस दिवसभर बसला-उठला तरी मोडायची नाही, त्यावरून हे नाव पडलेलं. शेठपणा काय तो नावातच.

कपड्याला इतका जपणारा हा गडी स्वतःच्या देहाला मात्र पोत्यासारखा वागवत आला होता. टेबलाशी उभ्या उभ्या गोड चहा, वर बिस्किटांचा पुडा. जेवण दुपार कलल्यावर, तेही एका हाताने. संध्याकाळी रंगीत सोड्याची बाटली, सुट्टीच्या आदल्या दिवशी मित्रांबरोबर पेला, आणि डोळे मिटेपर्यंत उशाशी मोबाइल. दुकानामागच्या खोलीत डाग काढायच्या उग्र वासाच्या बाटल्या होत्या आणि तिथली एकुलती खिडकी त्याने खिळे मारून बंद केली होती, कारण ती उघडली की रस्त्याची काजळी पांढऱ्या शर्टांवर बसायची. तिथं डोकं जड व्हायचं, पण डोकं काय, रोजच जड होतं.

मग ताईचं लिव्हर सुकत चालल्याचं कळलं. आई लवकर गेल्यावर ह्याला अंगाखांद्यावर वाढवणारी ही थोरली बहीण. दारूच्या थेंबालाही न शिवलेली, आणि रोग नेमका तिला. दुसऱ्या कुणाच्या तरी लिव्हरचा तुकडा बसवायचा, एवढाच इलाज उरला होता. दाजींचा रक्तगट जुळेना, ताईची मुलगी पोटुशी. उरला कडकशेठ. रक्तगट जुळला तेव्हा तो दवाखान्याच्या जिन्यात दाजींच्या गळ्यात पडला. पुढच्याच तपासणीनंतर मात्र डॉक्टरीणबाईंनी त्याला खुर्ची दिली.

"तुमच्या लिव्हरवर चरबी चढली आहे," त्या म्हणाल्या. "असा तुकडा ताईंच्या पोटात टिकणार नाही, आणि उरलेल्यावर तुमचं भागणार नाही."

गोळी लिहून द्या, म्हणाला तो. महागातली द्या. बाईंनी मान हलवली. शरीरातला कचरा काढणं हे लिव्हरचं जन्मापासूनचं काम, ते त्याला कुणी शिकवावं लागत नाही. मूत्रपिंडं, आतडी आपापला वाटा उचलतात. आपण फक्त त्यांच्यावर रोज टाकतो ते ओझं थांबवायचं. पेला बंद, सोडा बंद, साखर बंद. वेळेवर साधं जेवण, पुरेसं पाणी, चालणं, झोप, आणि त्या कोंडलेल्या खोलीत हवा. दोन महिन्यांनी परत पाहू. तोवर ताईंना धरून ठेवायचं काम आमचं.

त्याच दिवशी कडकशेठने पकडीने खिडकीचे खिळे उपटले आणि धुतलेले शर्ट पुढच्या खोलीत हलवले. पहाटे बायको त्याला चालायला न्यायची. म्हणजे ती पुढे आणि हा मागे धापा टाकत. कोपऱ्यावरचा पेपरवाला रोज विचारायचा, "शेठ, वहिनींनी घराबाहेर काढलं की काय?" ह्याला उत्तर द्यायला दम नसायचा. बायकोच परस्पर सांगून टाकायची की अजून काढलं नाही, विचार चालू आहे. मोबाइल रात्री स्वयंपाकघरातल्या फळीवर जाऊन बसला. पहिले काही दिवस नुसती चिडचिड. मग एक दिवस जिना चढून वर आल्यावर त्याच्या लक्षात आलं, मध्ये थांबायचं राहूनच गेलं.

सगळं रांगेला लागलं होतं. तेवढ्यात ताईने त्याला ओळखलं नाही.

दुपारी तो भेटायला गेला होता. तिचं पोट पाण्याने तट्ट फुगलेलं, डोळे हळदीसारखे. तिने चादरीची घडी केली, मोडली, परत केली आणि ह्याच्यापुढे धरून परक्या आवाजात म्हणाली, "कपडे न्यायला आलात का? मालकीणबाई घरात नाहीत."

शरीरातलं विष मेंदूपर्यंत पोचतंय, उपचार चालू आहेत, असं नर्सने समजावलं. कडकशेठच्या कानात एकच शब्द राहिला. विष. तपासणीला अजून तीन आठवडे होते आणि तोवर बहीण राहते की जाते.

बाजारातली पार्लरवाली दुकानात टॉवेल द्यायला आली, तेव्हा त्याचा चेहरा बघून तिने कारण विचारलं, आणि ऐकताच पर्स उघडली. हिरवी पूड होती. शरीरशुद्धीची म्हणे, शंभर टक्के नैसर्गिक, सगळी चरबी धुऊन काढते, तिची जाऊ कशी झाली बघा. सकाळी एक चमचा. कडकशेठने घेतली, आणि चमच्याचे दोन केले. मग दोन वेळा.

आठवडा गेला आणि अन्नावरची वासना उडाली. लघवी चहासारखी. ही घाणच बाहेर पडते आहे, अशी त्याने मनाची समजूत घातली. बायको विचारायची तर म्हणायचा, काही नाही, चालून थकलो.

तिला डबा सापडला तो खळीच्या डब्यांमागे. तिने झाकण काढून वास घेतला, मग त्याला खिडकीशी ओढून त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. आत पिवळं दिसलं.

"कधीपासून घेताय?"

"अगं, झाडपाल्याचं आहे."

"कण्हेरही झाडच आहे. कधीपासून?"

त्याने सांगितलं. ती स्टुलावर बसली. त्याने फुसफुसणारी इस्त्री बंद केली. मग तोच हळू आवाजात बोलू लागला की आता हे डॉक्टरीणबाईंच्या कानावर घातलं तर त्या कायमची फुली मारतील, ताईला दुसरं कुणी नाही, पूड तर थांबवतोच, मग सांगायचं कशाला.

"आणि नाही सांगितलं तर? हेच लिव्हर कापून तिच्या पोटात घालणार?" ती उठली. हँगरवरचा कुणाचातरी कोट तिने त्याच्यापुढे धरला. "गिऱ्हाइकाला रोज काय सांगता हो तुम्ही? मला म्हणून दाखवा."

कोट तिच्या हातून घेऊन त्याने परत हँगरला अडकवला. डब्याला झाकण लावून त्याने तो पिशवीत घातला, आणि दोघं शटर ओढून निघाली.

डॉक्टरीणबाई ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी डबा ठेवून घेतला, रक्त काढायला लावलं, आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं की लिव्हरला सूज आली आहे, शस्त्रक्रियेचं आता नाव काढायचं नाही. पूड बंद, बाकीचं सगळं चालू, दर आठवड्याला रक्त. उतरली तर बघू.

"आणि ताई?"

"त्यांनाही थांबावं लागेल."

ते दिवस त्याने कसे काढले त्याचं त्याला माहीत. जीव टांगणीला, आणि करायचं काय, तर नुसतं चालायचं, जेवायचं, झोपायचं. फोन वाजला की हातातली इस्त्री तिथंच टाकून तो धावायचा. दोनदा ताईला अतिदक्षता विभागात हलवलं. दोनदा ती परत आली. पार्लरवाली एकदा दारात येऊन उभी राहिली, म्हणाली, मला खरंच ठाऊक नव्हतं हो. त्याने तिचे टॉवेल घेतले आणि मोजायला लागला.

सूज उतरत गेली. चरबीचीही तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला, तेवढ्या वेळात बायकोने त्याच्या दंडात नखं रुतवली. मग बाई म्हणाल्या, "चालेल."

शस्त्रक्रियेच्या सकाळी दोघा भावंडांच्या स्ट्रेचरच्या गाड्या शस्त्रक्रियागृहाच्या दारापाशी क्षणभर शेजारी थांबल्या. ताई डोळे मिटून होती. ओळखते की नाही, विचारायचा त्याला धीर होईना. तिने चाचपडत त्याचं मनगट धरलं.

"बाळ्या," ती पुटपुटली. ह्या नावाने जगात तीच त्याला हाक मारायची. "जन्मभर डोक्यावर बसलास, आता पोटात येतोयस. तिथं तरी वेळेवर झोप."

तो हसला, आणि गाडी आत गेली तेव्हा छताचे दिवे त्याला एकसारखे ओले दिसत होते.